कॅन्ससच्या रानातला सरवा

शॉमबर्ग

माझी मुलगी केतकी शिकागोजवळ शॉमबर्गला राहते. तिच्या कॉलनीत फिरताना एका सकाळी मला शेपूचा वास आला आणि त्या वासामागं जात जात मी शेवटी कॅन्ससला पोचलो.

ही माझी अमेरिकेची चौथी खेप. मालतीला, म्हणजे माझ्या बायकोला, तिथं करमतं. मला पंधरा दिवसांनी कंटाळा येतो. सगळीकडं हिरवळ, पण खायचं काही उगवत नाही. म्हणून शेपू हुंगल्यावर मी कुंपणापाशी थांबलोच. एका घरामागं शेपू, बीट, लसूण आणि बटाटे ओळीनं लावलेले. मधे डोक्याला रुमाल बांधलेल्या एक आजी खुरपत होत्या. मी आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं की आमच्याकडं ही भाजी मूगडाळ घालून करतात. त्या त्यांच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या की आमच्याकडं बटाट्यावर टाकतात. दोघांचंही इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळं आमचं छान जमलं.

त्यांचं नाव नादिया. वय शहात्तर, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. दक्षिण युक्रेनमधल्या एका खेड्यातल्या, मुलापाठोपाठ तीस वर्षांपूर्वी इकडं आलेल्या. मी काय करायचो असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, कृषी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवायचो. सहकारी शेती, सामूहिक शेती, असले विषय.

"कोल्खोज?" त्यांनी विचारलं.

सोव्हिएत सामूहिक शेतीसाठीचा हा शब्द मी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला. सामूहिक शेतीचे हेतू: मोठी सलग शेतं, यंत्रं, शहरांना स्वस्त धान्य, कारखान्यांसाठी भांडवल, जमीनदारीचा शेवट. सामूहिक शेतीचे परिणाम: अमुक, तमुक. पोरं उतरवून घ्यायची, परीक्षेत ओकायची, आणि मी मार्क द्यायचो. पण कोल्खोज पाहिलेला माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"तुम्ही कोल्खोज पाहिलंय?" मी विचारलं.

"मी कोल्खोजमध्ये जन्मले," त्या म्हणाल्या. "तिथंच ट्रॅक्टर शिकले, तिथंच ट्रक चालवला."

मी इतका हरखलो की कुंपणावरून हात पुढं करून त्यांचा मातीनं भरलेला हात हातात घेतला. त्या हसल्या. हा शब्द ऐकून आनंद झालेला माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला, असं त्या म्हणाल्या.

मग रोज सकाळी तिथं जाणं सुरू झालं. मी प्रश्नांची यादी घेऊन जायचो. त्या मला 'प्रोफेसर' म्हणायच्या आणि हातात खुरपं द्यायच्या.

एक दिवस केतकीनं आठवडी बाजारातून कणकेचं पाकीट आणलं. पाठीमागं बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा गव्हाचा जुना वाण दीडशे वर्षांपूर्वी दक्षिण युक्रेनच्या माळरानातून आलेल्या लोकांनी पेट्यांमधून आणला, आणि कॅन्ससमधलं एक कुटुंब तो आजही पेरतं. मी ते पाकीट नादियाबाईंना दाखवलं. त्यांनी त्यावरचं त्या लोकांच्या मूळ वसाहतीचं नाव वाचलं आणि तिथंच वाफ्याच्या कडेला बसल्या. ती वसाहत त्यांच्या खेड्यापासून घोडागाडीनं एका दिवसाच्या अंतरावर होती. त्यांच्या आजोबांचा गहू असाच उंच, कुसळांचा होता, असं त्यांची आई सांगायची. आई लहानपणी त्यात उभी राहिली की दिसायची नाही. कोल्खोज झाल्यावर बियाणं सरकारी कोठीतून यायला लागलं आणि तो गहू गेला. नादियाबाईंनी तो कधीच पाहिला नव्हता. आणि आता त्यांचं खेडं युद्धात आघाडीच्या रेषेपलीकडं, रशियाच्या ताब्यात गेलेलं.

"तिकडं जाता येत नाही," त्या म्हणाल्या. "कॅन्ससला तर जाता येईल?"

केतकीनं त्या शेतकऱ्याला ईमेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: हा गहू उशिरा पिकतो, चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आसपास कापू, यायचं असेल तर या. केतकीनं तिचं लाँग वीकेंडचं बुकिंग कॅन्सल केलं. "बाबा, ड्राइव्ह मी करते. तुम्ही दोघं मागं बसून कम्युनिझमवर बोला," ती म्हणाली. मालतीनं यायला साफ नकार दिला, पण धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून दिली.

आयोवा

शॉमबर्ग सोडून तीन तासांत मिसिसिपी ओलांडली. पुलावरून पाणी पाहताना मला भूगोलाचे गुरुजी आठवले आणि मी गाडीत उगाचच मोठ्यानं "मिसिसिपी" म्हणालो. केतकीनं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

पलीकडं आयोवा. काय सांगू, मका म्हणजे किती मका. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, डोंगरउतारावर, आभाळाला टेकेपर्यंत. बांध नाही, कुंपण नाही, माणूस नाही. मी शाळेत असताना रशियातून गुळगुळीत कागदाची मासिकं मराठीत यायची. त्यांची पानं आम्ही वह्यांना कव्हरं म्हणून घालायचो. माझ्या गणिताच्या वहीवर असंच बिनबांधाचं शेत होतं आणि पुढं रुमाल बांधलेल्या, गाल लाल असलेल्या पोरी हसत उभ्या होत्या. मी हे नादियाबाईंना सांगितलं.

त्या म्हणाल्या की असे फोटो काढायला त्यांच्याकडंही माणसं आली होती. येताना पेटीतून धुतलेले, इस्त्री केलेले रुमाल घेऊन आली होती. फोटो झाल्यावर रुमाल मोजून परत घेतले. नादियाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. रुमाल निळा होता, आणि तो द्यावा लागला याचं त्यांना अजून वाईट वाटत होतं.

दुपारी एका विश्रांतिस्थळावर झाडाखाली जेवलो. मी त्यांना धपाटं दिलं, त्यांनी मला काळा पाव आणि त्यावर पांढऱ्याशुभ्र चकत्या ठेवून दिल्या. मला वाटलं चीज असेल. मऊ, खारट, लसणाचा वास, तोंडात विरघळणारं. मी दुसरी चकती मागितली तेव्हा केतकीनं मला ते काय आहे हे सांगितलं. डुकराची मीठ लावलेली चरबी. तीन पिढ्यांत आमच्या घरात कोणी अंडंही खाल्लेलं नाही. मालतीला सांगायचं नाही असं केतकीचं आणि माझं ठरलं. आता इथं लिहून मीच ते मोडतोय.

चटणीनं नादियाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ती संपवली. मग पाण्याचे घोट घेत घेत त्यांनी घोड्याची गोष्ट सांगितली.

त्यांच्या आजोबांकडं दोन घोडे आणि एक गाय होती. शहरातून माणसं आली, सभा झाली, जनावरं आणि जमीन एकत्र करायची असं ठरलं. ठरलं म्हणजे काय, जे नाही म्हणाले त्यांना कुटुंबासकट रेल्वेत घालून उत्तरेला पाठवलं. पुष्कळांनी आपली जनावरं द्यायच्या आधीच कापून खाल्ली. आजोबांना ते जमलं नाही. त्यांनी घोडे नेऊन दिले. त्यातला एक घोडा रोज संध्याकाळी तबेल्यातून सुटून जुन्या घरी यायचा आणि दाराशी उभा राहायचा. आजोबांनी स्वतः त्याला रोज परत नेऊन सोडायचं. पुढं हिवाळ्यात वैरणीची व्यवस्था झाली नाही, आणि एक दिवस घोडा आला नाही.

एकतीस वर्षं मी वर्गात म्हणत होतो, "पशुधनात मोठी घट झाली."

पण सगळंच वाईट होतं असं त्या म्हणेनात. मी विचारलं तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की त्यांच्या वेळेपर्यंत शाळा होती, दवाखाना होता, वीज आली होती. कापणीच्या दिवसांत सगळं गाव शेतात जेवायचं आणि गायचं, ते त्यांना आवडायचं. ट्रॅक्टर चालवणारी मुलगी म्हणून त्यांना मान होता. आई दूध काढायची, तिच्या छातीवर दोन पदकं होती. पण खायला मिळायचं ते घरामागच्या छोट्या वाफ्यातून. मोठं शेत सरकारचं, तिथं कोणी मन लावत नसे. घरामागं मात्र बटाट्याचं एकेक रोप जपायचे. आणि गाव सोडून जायला कागद लागायचा. शहरातल्या माणसाकडं ओळखपत्र असायचं, कोल्खोजच्या माणसाकडं नसायचं. अध्यक्षानं चिठ्ठी दिली तर जायचं. त्यांनी चार वर्षं चिठ्ठीची वाट पाहिली.

त्या दिवशी मुक्काम आयोवाच्या दक्षिणेला एका साध्या मोटेलात केला. मी वही काढून ऐकलेलं सगळं उतरवत बसलो. वर्गातल्या टिपणांपेक्षा जास्त पानं झाली.

कॅन्सस

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. ऊन आपल्या जळगावसारखं, वारा मात्र अखंड. डेल आणि रूथ हे नवरा-बायको आमची वाटच पाहत होते. डेल उंच, वाळलेला, पासष्टीचा, प्रश्न विचारला की आधी जमिनीकडं पाहून मग उत्तर देणारा. रूथचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आठवड्यापूर्वी गोठ्यात घसरून मनगट मोडलेलं. तरी तिनं एका हातानं स्वयंपाक केला होता.

ताटात वाफाळत्या पांढऱ्या करंज्या आल्या. आत पनीरसारखं सारण, वर साईचा रस्सा. आपण मोदकांच्या उरलेल्या उकडीच्या करतो ना, थेट तशा. रूथ म्हणाली, ही आमच्या पणजीपासूनची पाककृती, आमच्या चर्चमधल्याच बायका करतात. आणि तिनं नाव सांगितलं.

नादियाबाईंचा काटा हातातच राहिला. तेच नाव, थोडा वेगळा उच्चार. त्या पदार्थावर त्यांचं सगळं बालपण गेलं होतं. डेलचे पूर्वज मूळचे जर्मन बोलणारे. शंभर वर्षं युक्रेनच्या माळावर राहिले, तिथं शेजारणींकडून हे शिकले, आणि त्यांच्या पंथात हत्यार धरत नाहीत, सैन्यात भरती व्हायचं नाही, म्हणून तिथून निघाले ते इथं आले. पेट्यांमधून गहू आणला आणि डोक्यातून करंज्या. त्यानंतर दोघी बायका साईच्या रश्श्यात कांदा असावा की नसावा यावर इतक्या बोलल्या की डेलला आणि मला दुसऱ्यांदा वाढायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

जेवण झाल्यावर डेल आम्हाला गावात घेऊन गेला. गाव म्हणजे एक रस्ता, चर्च, बंद पडलेलं दुकान, आणि या सगळ्यावर उभे राहिलेले सिमेंटचे पांढरे, दहा-बारा मजली उंच नळे. धान्याची कोठारं. कित्येक मैलांवरून दिसतात. त्यांना तिथं एलिव्हेटर म्हणतात. हे कोणाचं, असं नादियाबाईंनी विचारलं. डेल म्हणाला, आमचं. म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं. तोही सभासद, त्याचा बापही होता.

नादियाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी विचारलं, सगळ्यांना धान्य इथंच घालावं लागतं का. डेल म्हणाला, नाही. मग त्यांनी विचारलं, आणि तुला सभासद राहायचं नसेल तर?

"तर राहायचं नाही," डेल म्हणाला.

"म्हणजे निघता येतं?"

"हो."

"उद्या?"

डेलनं जमिनीकडं पाहिलं. "उद्या सुट्टी आहे," तो म्हणाला. "परवा."

आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. त्या पांढऱ्या नळ्यांकडं बघत राहिल्या. परत येताना गाडीत त्यांनी मला हळूच विचारलं की तुमच्याकडं काय झालं होतं. मग मी माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली, जी मी वर्गात कधी सांगितली नव्हती. आमच्या सांगलीकडच्या गावात अकरा जणांनी मिळून सामुदायिक शेती संस्था काढली होती. बांध मोडले, सरकारी मदतीतून ट्रॅक्टर आणला, हारतुरे झाले. पण प्रत्येकानं संस्थेला आपला म्हातारा बैल दिला आणि कामाला घरातला सर्वांत आळशी माणूस पाठवला. तीन वर्षांनी देवळात बैठक झाली, चहा झाला, आणि संस्था मोडली. वडील खांद्यावर दोरी टाकून रानात गेले आणि शेजाऱ्याबरोबर जुन्या खुणा शोधून बांध घातला. दोघं भांडलेही नाहीत.

"आणि कोणाला नेलं नाही?" नादियाबाईंनी विचारलं.

कोणाला नेलं नाही, मी म्हटलं. फरक तो. माझ्या टिपणांमध्ये 'ऐच्छिक सभासदत्व' हा पाचवा मुद्दा होता. तो पहिला असायला हवा होता.

वादळ

डेलनं बाकीचा गहू पंधरा दिवसांपूर्वीच कापला होता. तो बुटका, आजकालचा वाण. जुना गहू घरामागं पंधरा एकरांवर उभा होता. आम्ही पायवाटेनं वळलो आणि समोर तो आला. माझ्या खांद्याला लागत होता. तांबूस, लांब कुसळांचा, वाऱ्यावर पाण्यासारखा हलणारा. मी खपली पाहिलाय, बन्सी पाहिलाय, पण असा गहू पाहिला नव्हता. ठेंगण्या नादियाबाई सरळ आत शिरल्या आणि चार पावलांवर जाऊन उभ्या राहिल्या. नुसता रुमाल दिसत होता.

कापणी दुसऱ्या दिवशी सकाळी करायची होती. पण चारच्या सुमाराला डेल पश्चिमेकडं पाहायला लागला. क्षितिजावर ढग उभा होता, आणि त्याच्या पोटाला हिरवट छटा होती. गारा, डेल म्हणाला. उंच गहू गारांपुढं टिकत नाही. आणि हेच पुढच्या वर्षीचं बी होतं. हा वाण पेरणारी घरं तिकडं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत.

अडचण अशी की कापणीयंत्र डेल चालवणार, पण यंत्राची टाकी भरली की धान्य घ्यायला ट्रक पाहिजे. ट्रक नेहमी रूथ चालवायची आणि तिचा हात प्लास्टरमध्ये. शेजारी सणासाठी गावाला गेलेले. ट्रक जुना, जवळपास माझ्या वयाचा, हातानं गिअर टाकायचा. केतकी म्हणाली, "बाबा, मला स्टिक शिफ्ट येत नाही. आय कान्ट." मला तर स्कूटरपलीकडं काहीच येत नाही.

नादियाबाईंनी ट्रकचं दार उघडलं, आत वाकून गिअरच्या दांड्याकडं पाहिलं आणि एक उशी मागितली.

डेल नको म्हणणार होता. मी त्याचा चेहरा पाहत होतो. पण तोवर बाई उशीवर बसल्या होत्या, आणि इंजिन सुरू झालं होतं. मी धावत जाऊन शेजारी बसलो, का ते मला माहीत नाही. काही उपयोग होणार नव्हता, पण ते चुकवणं शक्यच नव्हतं.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. कापणीयंत्र गव्हात शिरलं, धुरळा उडाला. टाकी भरत आली की डेल दिवा लावायचा, आणि नादियाबाई ट्रक यंत्राच्या बाजूला घ्यायच्या. यंत्र थांबवायचं नाही. दोघांनी एका वेगानं चालायचं आणि वरच्या सोंडेतून धान्य ट्रकमध्ये पडत राहायचं. हातभर इकडं झालं तर धान्य जमिनीवर, हातभर तिकडं झालं तर ट्रक यंत्रात. पहिल्या वेळी डेलनं काचेतून हात हलवून जवळ या, लांब जा, अशा खुणा केल्या. दुसऱ्या वेळी एकच खूण केली. तिसऱ्या वेळी त्यानं फक्त टोपी उचलली.

नादियाबाई स्टीअरिंगवर वाकून बसल्या होत्या. त्यांचे पाय जेमतेम पोचत होते. गिअर बदलताना त्या युक्रेनियनमध्ये ट्रकला काहीतरी सांगत होत्या. सूर शिव्यांचा होता. आणि मग त्या गायला लागल्या. चाळीस वर्षांत ओरडलो नव्हतो तसा मी मोठ्यानं ओरडलो. धान्य खळखळत पडत होतं, खिडकीतून कुसळं तोंडावर येत होती, आणि पलीकडं आभाळ काळं होत चाललं होतं. केतकी आणि रूथ अंगणातल्या कोठीपाशी धान्य ओतून घेत होत्या. रूथ एका हातानं, केतकी ऑफिसच्या बुटांमध्ये.

शेवटची दोन एकरांची पट्टी राहिली आणि पहिली गार ट्रकच्या टपावर आपटली. डेलनं यंत्र वळवलं. आम्ही शेडमध्ये शिरलो तोच गारा कोसळल्या. पत्र्यावर असा आवाज की एकमेकांचं ऐकू येईना. डेल नादियाबाईंच्या समोर उभा राहिला, काहीतरी बोलला, त्यांना ऐकू आलं नाही. त्यानं वाकून पुन्हा सांगितलं. तो म्हणत होता, बी आत आलं.

सकाळ

सकाळी आभाळ लख्ख. आम्ही शेत पाहायला गेलो. राहिलेली पट्टी पार आडवी झाली होती. ओंब्या चिखलाला टेकलेल्या, पण दाणे पुष्कळांत शाबूत होते. रूथ म्हणाली, हे आता यंत्राला उचलत नाही. हवं तेवढं हातानं घेऊन जा, पाव करा, फुलदाणीत लावा.

मी खाली वाकलो. केतकीही. नादियाबाई मात्र शेताच्या कडेला दोन्ही हात पाठीमागं धरून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, या की. त्यांनी मान हलवली. काल दोन तास ट्रक हाणणारी बाई एकदम शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती.

मी त्यांच्याजवळ गेलो. मी सांगितलं की आमच्याकडं याला सरवा म्हणतात. पीक काढून नेल्यावर रानात पडलेलं वेचायचं. ते कोणीही वेचावं, मालक काही बोलत नाही. माझी आत्या एका सुगीत सरवा वेचून घरच्यांना दोन महिने पुरेल एवढी ज्वारी आणायची.

"माझी आजी पण वेचायची," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी ते सांगितलं.

दुष्काळाचं वर्ष होतं. म्हणजे पीक आलं होतं, पण शहरांसाठी आणि परदेशात विकण्यासाठी ते गाडे भरभरून नेलं. घरांतली कोठारंही झाडून नेली. गावात माणसं मरायला लागली. आजी कापलेल्या शेतात गेली आणि तिनं पदरात ओंब्या वेचल्या. शेतावर पहारा होता. तेव्हा तसा कायदाच होता, लोक त्याला ओंब्यांचा कायदा म्हणायचे. सगळ्यांच्या मालकीच्या शेतातली ओंबी घेणं म्हणजे सगळ्यांची चोरी. आजीला नेलं. नादियाबाईंची आई तेव्हा सात वर्षांची होती आणि शेजारी उभी होती. आजी परत आली नाही. पुढं नादियाबाई लहान असताना त्यांनी एकदा रस्त्यावर पडलेली ओंबी उचलली, तेव्हा आईनं त्यांना हातावर मारलं. आईनं मारल्याची तेवढी एकच आठवण त्यांना होती.

डेल जवळ येऊन उभा होता. त्याला सगळं कळलं की नाही, ठाऊक नाही. नादियाबाईंनी त्याला विचारलं, "घेऊ?"

डेलनं जमिनीकडं पाहिलं. मग तो गुडघ्यावर बसला, हातानं चार-पाच ओंब्या उचलल्या, त्यांचा चिखल पँटला पुसला आणि नादियाबाईंसमोर धरल्या.

त्यांनी घेतल्या. थोडा वेळ नुसत्या धरून राहिल्या. मग त्या वाकल्या आणि स्वतःच्या हातानं एक उचलली, मग दुसरी. त्यानंतर मात्र त्यांना कोणी थांबवू शकलं नसतं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून त्यात ओंब्या भरायला घेतल्या. आम्ही सगळेच वेचायला लागलो. रूथ डाव्या हातानं वेचत होती. ऊन चढत होतं आणि ओल्या मातीचा, गव्हाचा वास येत होता.

तासाभरानं नादियाबाईंनी केतकीकडून फोन घेतला. त्यांची थोरली बहीण युद्धामुळं खेडं सोडून देशाच्या पश्चिम भागात भाचीकडं राहायला गेली होती. तिकडं संध्याकाळ होत आली होती. पडद्यावर एक सुरकुतलेला, नादियाबाईंसारखाच चेहरा आला. नादियाबाईंनी फोन लांब धरला, दुसऱ्या हातातला ओंब्यांचा भारा दाखवला, मागचं शेत दाखवलं.

म्हाताऱ्या बहिणीनं ओंब्या पाहिल्या. ती एकदम फोनच्या अगदी जवळ आली आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली. मी विचारलं, काय म्हणाली.

"विचारतेय, कोणी बघत तर नाही ना."

नादियाबाईंनी फोन उलटा वळवला. आधी डेलकडं, मग रूथकडं, मग केतकीकडं, मग माझ्याकडं. आम्ही सगळे चिखलात गुडघ्यावर, हात भरलेले. मी काही सुचेना म्हणून माझ्या हातातल्या ओंब्या उंच धरून दाखवल्या.

त्यांनी बहिणीला उत्तर दिलं आणि मग आमच्यासाठी तेच इंग्रजीत सांगितलं.

"सगळे बघतायत," त्या म्हणाल्या. "आणि सगळे वेचतायत."